कुठल्या सालाची गाडी

२०२५ च्या मे महिन्यात, लग्ने आणि प्रथम कम्युनियन यांच्या धामधुमीत, एका रात्री कॅनडाहून माझ्या चुलतभावाचा फोन आला. काकांच्या वाडीचा व्यवहार पुरा झाला होता आणि पावसाळ्यापूर्वी जागा मोकळी करून द्यायची होती. घरातले सामान काकीबरोबर तिच्या मुलीकडे गेले होते, भांडीकुंडी वाटली गेली होती. राहिली होती ती मांडवातली गाडी. "भंगारवाल्याने छत्तीस हजार सांगितले आहेत," तो म्हणाला. "तुम्हांला हवी असेल तर त्याच भावात घ्या, फादर. नको असेल तर पुढच्या सोमवारी तो गॅस कटर घेऊन येईल."

विचार करून कळवतो, असे मी म्हटले. पुढचे आठ दिवस मिस्सा, अंत्यविधी, शाळेची बैठक सारे यथासांग पार पडले. पण मन त्या मांडवात जाऊन बसले होते, हे कबूल केले पाहिजे.

ही गाडी म्हणजे महिंद्र कंपनीची फॉरवर्ड कंट्रोल पिकअप. जुनी माणसे तिला 'एफ. सी.' म्हणत, आम्ही मुले 'नकटी' म्हणत असू, कारण तिला पुढे बॉनेटच नाही. सांगाडा जीपचा, पण ड्रायव्हरची केबिन थेट इंजिनावर आणून बसवलेली. त्यामुळे गाडीची लांबी तेवढीच राहून मागचा हौदा मोठा मिळतो. अमेरिकेत विलीज कंपनीने ही जात १९५६ च्या अखेरीस बाजारात आणली आणि १९६५ साली तिकडे ती बंद पडली. आपल्याकडे मात्र ती पुढे कितीतरी वर्षे तयार होत राहिली. (जाता जाता सांगायचे तर, १९४५ साली स्थापन झाली तेव्हा या कंपनीचे नाव 'महिंद्र अँड मोहम्मद' होते. त्यांतले गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये कंपनीने आपले नाव बदलले.) काकांच्या गाडीची पहिली नोंदणी १९७३ ची. नंबर अर्थात जुना, तीन अक्षरी. आर. सी. बुक काकीने बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, सर्वांच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यांबरोबर जपून ठेवले होते.

आमच्या आळीत तेव्हा दुसरे चारचाकी वाहन नव्हते. वसईचा बहुतेक भाजीपाला टोपल्यांतून गाडीनेच, म्हणजे रेल्वेने, मुंबईला जाई. पण केळीचे घड आणि दुधी भोपळे काकांच्या हौद्यातून दादरला जात. रात्री दोन वाजता निघायचे, चिंचोटीला हायवेला लागायचे, घोडबंदरचा पूल ओलांडायचा. मी दहा वर्षांचा असताना सुट्टीत काका मला बरोबर नेत. इंजिनाचे झाकण दोन आसनांच्या मध्ये असे आणि त्यावर गोणपाटाची घडी टाकलेली असे. जानेवारीच्या थंडीत त्या उबदार झाकणाला टेकून मी जितका गाढ झोपलो तितका पुढे कधी झोपलो नाही. १९८६ साली मी गोरेगावच्या सेमिनरीत दाखल झालो तेव्हा माझी ट्रंक आणि गादी याच हौद्यात, केळीच्या घडांच्या कडेला ठेवलेली होती. पहाटे चारला काकांनी मला आरे रोडवर फाटकाशी उतरवले. वॉचमन उठेपर्यंत माझ्याबरोबर थांबले आणि मग दादरला गेले. त्या दिवशी त्यांचा बाजार चुकला असणार. तेव्हा माझ्या ते ध्यानातही आले नाही.

आता पैशांचे बोलू. आम्हा धर्मप्रांतीय धर्मगुरूंना मठवासीयांसारखे दारिद्र्याचे व्रत नसते. आमच्या नावे बँकेत खाते असू शकते आणि माझे आहे. माझ्या गुरुदीक्षेचा रौप्यमहोत्सव २०२१ मध्ये, कोरोनाच्या काळात, पन्नास माणसांत उरकला. पण लोकांनी पाकिटे मात्र मनापासून दिली. ती रक्कम, काही कमी चार लाख, तशीच पडून आहे. १९८३ च्या कॅनन लॉचे २८२ वे कलम धर्मगुरूंनी साधेपणाने राहावे, डामडौलाचा वास येईल असे काही करू नये, असे सांगते. आणि पदाच्या निमित्ताने मिळालेल्यातून चरितार्थ भागून जे उरेल ते चर्चच्या हितासाठी व दानधर्मासाठी वापरण्याची इच्छा धरावी, असेही सांगते. ज्युबिलीची पाकिटे पदाच्या निमित्ताने मिळाली की माणसाच्या, यावर सेमिनरीत एक तास सहज वाद घालता आला असता. मोडकी नकटी हा डामडौल म्हणावा का, यावर दुसरा तास. माझ्याबरोबर दीक्षित झालेल्या एका मित्राला विचारले तर तो म्हणाला, "घोड्यावर बसायचे वय गेले, आता घोडा पाळतोस?" त्याने हसण्यावारी नेले, पण बोलणे लागले.

तरीही मी मिस्त्रींना घेऊन गेलो. वसई पूर्वेला त्यांचे गॅरेज आहे. वय सत्तरीच्या पुढचे, कानांनी जरा मंद. पेट्रोल जीपांच्या काळापासून हात काळे केलेला माणूस. मांडवात शिरल्यावर मी कौतुकाने केबिनचे दार उघडायला गेलो तर ते म्हणाले, "फादर, दार नंतर. आधी खाली." पोते अंथरून ते गाडीखाली सरकले. हातात एक लहान हातोडी आणि एक जुना स्क्रूड्रायव्हर. चासीवर वीतवीतभर अंतराने हातोडी मारत ते पुढून मागे गेले. पुढचा भाग ठणठण वाजत होता. मागच्या चाकांच्या वर आला तसा आवाज बसला, ओल्या मडक्यासारखा. तिथे त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला.

मग केबिनच्या पत्र्यावर त्यांनी एक लोहचुंबक फिरवले. जिथे चिकटेना तिथे पत्रा नव्हता, नुसते पुटीन होते; डाव्या दाराचा खालचा अर्धा भाग असा निघाला. इंजिन मूळचे पेट्रोलचे नव्हतेच. ते काकांनी ऐंशीच्या सुमारास काढून डिझेलचे बसवले होते, तेव्हा पुष्कळ जीपवाल्यांनी तसे केले. डिपस्टिक ओढून तेल बोटांवर चोळले: काळे होते, दुधाळ नव्हते. म्हणजे आत पाणी गेलेले नाही. पण इंजिन जाम. मिस्त्रींनी चारही नोझल काढून भोकांत रॉकेल ओतले आणि म्हणाले, "चार दिवस राहू द्या. जोर करायचा नाही. जोर केला की रिंगा तुटतात." हे सारे ते माझ्याशी बोलत होते की गाडीशी, कोण जाणे.

चार दिवसांनी दोघांनी मिळून पाना लावला तर इंजिन अर्धा फेरा फिरले. त्या अर्ध्या फेऱ्याने मला जो आनंद झाला तो एखाद्या धर्मगुरूला शोभेल असा नव्हता.

खर्चाचा अंदाज त्यांनी माझ्या डायरीच्या मागच्या पानावर लिहून दिला. चासीला पट्ट्या मारून वेल्डिंग, इंजिनाचे बोअर-पिस्टन, क्रँकचे ग्राइंडिंग, पत्र्याचे काम आणि रंग, पाच टायर, ब्रेक, वायरिंग: एकूण तीन लाख चाळीस हजार. कुर्ल्याच्या जुन्या बाजारात काही सुटे भाग मिळतील, काही लेथवर घडवावे लागतील. वर एक तोंडी सूचना: "या आकड्याला दीडने गुणा. आणि दीड वर्ष धरा." मी मनात म्हटले, आपले जितके आहे त्यापेक्षा हे जास्तच झाले.

शिवाय एवढे करून ती रस्त्यावर येईल कशी? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या वाहनांसाठी नियम केले आहेत. पन्नास वर्षांहून जुने, खासगी वापराचे वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. शुल्क वीस हजार, मुदत दहा वर्षे, नंबरात 'व्ही. ए.' ही अक्षरे. मात्र ते प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती यांखेरीज रस्त्यावर आणायचे नाही आणि ते मूळ स्वरूपात हवे. आमची नकटी मालवाहू म्हणून नोंदलेली, इंजिन बदललेले आणि कागद केव्हाच संपलेले. आर. टी. ओ. च्या कामांत मुरलेला आमचा एक पॅरिशनर सारे ऐकून घेऊन म्हणाला, "फादर, तुमच्या जागी मी असतो तर फोटो काढून ठेवला असता."

मला वाटते, मी तिथेच थांबलो असतो. पण मिस्त्रींनी दोन प्रश्न विचारले.

पहिला विचारला तो गाडीखालूनच. "यावर पाण्याची टाकी होती का?" मी होय म्हटले. "वाटलंच. हौद्याच्या मागचा भाग आणि मागची चासीच सडलीय. आणि हा नुसत्या पाण्याचा गंज नाही. खड्डे पाडून खाल्लंय. खारं पाणी होतं."

येथे वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. सूर्या धरणाचे पाणी वसई-विरारला येण्यापूर्वी, नालासोपारा आणि विरार येथे इमारती भराभर उठत होत्या आणि त्यांना पाणी नव्हते. पाणी होते ते आमच्या वाड्यांतल्या विहिरींत आणि बावखलांत. ते टँकर भरभरून विकले जाऊ लागले. समुद्राकाठी जमिनीतले गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली की खारे पाणी सुमारे ४० फूट वर चढते, असे भूजलशास्त्राचे गणित आहे. ते आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते; विहिरीचा चहा मचूळ लागू लागला, तेव्हा कळले. १९८८ साली हरित वसई संरक्षण समिती स्थापन झाली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली ते आंदोलन उभे राहिले, हे या अंकाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आणि त्याच काळात काकांनी आपल्या गाडीवर टाकी बसवली. केळीला भाव राहिला नव्हता, थोरल्या मुलीच्या लग्नाचे कर्ज होते. ही कारणे आज मला दिसतात. १९९० च्या मे महिन्यात मी सेमिनरीतून सुट्टीवर आलो होतो, एकवीस वर्षांचा होतो आणि मला फक्त टाकी दिसत होती. आळीतल्या आम्हा सात-आठ मुलांनी ठरवले की मोरीपाशी रस्ता अडवायचा. पहिला टँकर आला तो काकांचा. मी रस्त्याच्या मध्यभागी उभा राहिलो. गाडी थांबेल, अशी माझी खात्री होती. ती थांबली नाही. जवळ आली, आणखी जवळ आली आणि शेवटच्या क्षणी डावीकडे वळून मोरीच्या कठड्यावर आदळली. टाकीचे पाणी हेलकावून आमच्या अंगावर आले. काका उतरले, कोणाकडे न पाहता पाय ओढत घरी गेले. मुलांनी हुर्यो केली. मी केली नाही, पण त्यांना थांबवलेही नाही.

काकांनी रागाच्या भरात गाडी आमच्या अंगावर घातली आणि अखेर हिंमत खचून वळवली, असा आम्ही अर्थ लावला. त्यात मला संशय असा कधी आलाच नाही. पुढे दीक्षा झाल्यावर मी हा प्रसंग प्रवचनांत सांगू लागलो. नाव न घेता, "आमच्या गावातील एक मनुष्य" असे म्हणून, लोभ मनुष्याला रक्ताच्या नात्यावरही गाडी घालायला लावतो, असे. निदान तीन पॅरिशमध्ये मी तो सांगितला आहे. परिणामकारक होत असे. काका माझ्या दीक्षाविधीला आले होते, मागच्या बाकावर बसले आणि जेवायला थांबले नाहीत. २००३ साली ते वारले. त्यांच्या अंत्यविधीची मिस्सा मीच अर्पण केली आणि प्रवचनात त्यांच्या कष्टाळूपणाविषयी चार चांगली वाक्ये बोललो.

मिस्त्रींचा दुसरा प्रश्न पुढच्या बाजूला होता. चासीचे डावे शिंग आत वाकले होते आणि केबिनचा डावा कोपरा चेपून पुन्हा ठोकून काढलेला होता. "ही कशावर मारली?" मी मोरीचा प्रसंग थोडक्यात सांगितला. ते पुन्हा खाली सरकले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मास्टर सिलिंडर आणि नळ्या नंतर घातलेल्या आहेत, फादर. बाकी सगळं जुनं, एवढंच नवं. आणि त्यावर गाडी फार चाललेलीच नाही." मला अर्थ कळला नाही. त्यांनी समजावले. त्या काळच्या गाड्यांना ब्रेकची एकच वाट असे. नळी कुठेही फुटली की चारही चाके एकदम मोकळी. एक टनाच्या गाडीवर दोन हजार लिटरची टाकी, म्हणजे दोन टन. त्यात टाकी पूर्ण भरलेली नसेल तर आतले पाणी पुढे धावून आणखी ढकलते. "आणि या गाडीत ड्रायव्हरच्या पुढे काही नसतं. बॉनेट नाही, इंजिन नाही. आपले गुडघे आणि मग पत्रा. जाणूनबुजून कोणी कठड्यावर घालत नाही, फादर."

त्या संध्याकाळी मी काकीकडे गेलो. तिचे वय आता शहाऐंशी. मी तिच्यासमोर वाढलो म्हणून ती मला 'तू' म्हणते आणि दीक्षित आहे म्हणून 'फादर'. दोन्ही एकाच वाक्यात. "फादर, तू जेवलास का?" असे. गाडी घेऊ का, म्हणून विचारायला आलो, असे मी सांगितले. ती म्हणाली, "घे की. पण त्या गाडीने त्यांचा पाय घेतला, हे तुला ठाऊक आहे ना?"

मला ते ठाऊक नव्हते. काकांचे लंगडणे संधिवाताचे आहे, असे आम्हांला सांगितले होते. गुडघ्याची वाटी तडकली होती, ती कधी नीट बसली नाही.

"ब्रेक धरत नाहीत हे आदल्या दिवशीच कळलं होतं," काकी म्हणाली. "पण बिल्डरकडून पैसे आगाऊ घेतलेले. एवढी खेप टाकतो, म्हणाले. मोरीपाशी तू दिसलास. पायाखाली पेडल तसंच खाली गेलं. रात्रभर झोपले नाहीत. पोरगा मेला असता, पोरगा मेला असता, एवढंच." मी विचारले, मला कधी सांगितले का नाही? काकी जरा चिडल्यासारखीच झाली. "काय सांगणार? ब्रेक नसलेली गाडी घेऊन निघालो होतो, असं? आणि तू विचारलंस कधी?"

टँकर अडवणे चूक होते, असे मला आजही वाटत नाही. पाणी विकायला नको होते आणि ब्रेक नसताना निघायला तर मुळीच नको होते. पण मी सांगत आलो ती गोष्ट घडलेली नव्हती. ती ज्यांनी माझ्या तोंडून ऐकली त्यांच्यापैकी काही जण या अंकाचे वाचक असतील. प्रवचन मागे घेण्याची सोय आमच्या विधीत नाही. म्हणून येथे लिहिले आहे.

मी गाडी घेतली. छत्तीस हजार चुलतभावाच्या खात्यावर भरले. तो घेत नव्हता, मी भरले. सोमवारच्या आत ती क्रेनने ओढून चर्चच्या मागे, जुन्या विहिरीजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणली. बरे झाले, कारण त्या वर्षी पाऊस दोन आठवडे आधीच, २६ मेला मुंबईत येऊन थडकला आणि वसईत मांडवाची जमीन चिखल झाली. पॅरिश कौन्सिलच्या पुढच्या बैठकीत 'आवारातील भंगार' हा विषय निघाला. मी खासगी खर्च आहे, एवढेच सांगितले. तीन लाख चाळीस हजारांचे काम मी करणार नाही, हे मिस्त्रींनाही सांगून टाकले आहे. गंज थांबवायचा, चासीला पट्ट्या मारायच्या, इंजिन मोकळे करायचे आणि ब्रेक करायचे. आवारात दहा पावले पुढे-मागे जाईल इतके. एक लाखाच्या आत बसेल, असे ते म्हणतात. बाकीची रक्कम कुठे द्यायची ते मी ठरवले आहे, ते येथे सांगण्याचे कारण नाही.

मिस्त्री रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर येतात. त्यांनी केबिनच्या एका कोपऱ्यात ब्लेडने रंग खरवडून पाहिला. वर निळा, त्याखाली टँकरच्या काळचा पिवळा, 'पिण्याचे पाणी' यातली दोन अक्षरे अजून वाचता येतात, त्याखाली हिरवा, तो माझ्या लहानपणचा, आणि तळाशी कंपनीचा राखाडी. "कुठल्या सालाची करायची, फादर?" त्यांनी विचारले. १९७३ ची केली तर त्या सालची मला आठवणच नाही, मी चार वर्षांचा होतो. हिरवी केली तर झाकणावर झोपलेला मुलगा मला परत मिळतो आणि बाकी सारे पुसले जाते. तूर्त रंग तसाच ठेवला आहे; नुसते तेल चोळले आहे.

वाद उरला आहे तो वाकलेल्या शिंगाचा. मला ते आहे तसे हवे आहे. मिस्त्रींना ते मान्य नाही. पुढच्या पाट्याचे टोक त्याच शिंगाला बांधलेले असते, ते म्हणतात, शिंग वाकडे ठेवले तर चाक मागे राहील आणि गाडी जन्मभर डावीकडे ओढत राहील. दहा पावले तर जायची आहेत, मी म्हणतो. दहा पावलांत विहिरीचा कठडा आहे, ते म्हणतात.